ग्रामीण युवकांसाठी शेतीतील संधी : सुरुवात दहा गुंठ्यांपासून



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. चांगले गुण मिळालेला मुलगा पुण्याला जातो. मध्यम गुणांचा मुलगा चिंचोळीच्या कारखान्यात चिकटतो का ते पाहिले जाते. ज्याचे कोठेच जमत नाही त्याला मात्र 'आता शेती बघ' असे सांगितले जाते. म्हणजे ज्या धंद्यावर सारे घर उभे आहे, तो धंदा आपण उरलेल्याला देतो. मुलाला हे कळत नाही असे समजू नये.

याचा परिणाम केवळ शेतीवर होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाच्या वयाचे तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजंत्री लावून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. मुलींची संख्या घटल्याने लग्ने जमत नाहीत आणि गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबविला जावा, असे त्यांचे म्हणणे होते. अनेकांना त्या वरातीचे हसू आले. परंतु मुलीचे वडील स्थळ पाहायला आले की पहिला प्रश्न काय विचारतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. 'मुलगा काय करतो?' याचे उत्तर 'घरची वीस एकर आहे' असे दिले, तर पाहुणा मनात म्हणतो, ती तर बापाची आहे. मुलाच्या हातात स्वतःचे उत्पन्न नाही, स्वतःचा निर्णय नाही, बँकेत खाते असले तरी त्यात शिल्लक नाही. तीस वर्षांच्या मुलाला दुचाकीच्या पेट्रोलसाठी वडिलांपुढे हात पसरावा लागतो.

आज कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे व शासनाचा कृषी विभाग यांच्यामार्फत ग्रामीण युवकांसाठी अनेक कार्यक्रम राबविले जातात. त्यांची माहिती पुढे दिली आहेच. परंतु प्रशिक्षण घेऊन घरी गेलेल्या तरुणाचे प्रमाणपत्र पुष्कळदा ट्रंकेतच राहते. शिकलेले करून पाहण्यास त्याला जागा नसते, आणि पैसे मागितले तर 'आधी घरचे काम कर' हे उत्तर ठरलेले असते. यास्तव प्रस्तुत लेखात योजनांच्या आधी दहा गुंठ्यांचा विचार मांडला आहे.

मुलाचे शेत, मुलीचे शेत

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहॅम नावाच्या शाळाधिकाऱ्याने १९०२ मध्ये शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे एक मंडळ काढले. मुलांनी मक्याचे बियाणे पारखून पेरावे, मातीचा आम्लपणा तपासावा, छोटा तुकडा स्वतः करावा व त्याची नोंद ठेवावी, असे त्याचे स्वरूप होते. अशा मंडळांची पुढे देशभर चळवळ झाली व आज ती 'फोर-एच' या नावाने ओळखली जाते. डोके, हृदय, हात व आरोग्य यांची ही इंग्रजी आद्याक्षरे आहेत. यातील शहाणपण असे की, विद्यापीठाचे सांगणे मोठे शेतकरी ऐकत नव्हते, पण आपल्याच पोराच्या तुकड्यातले कणीस हातात घेऊन पाहत होते. १९१० मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेल, म्हणजे आपल्या मापाने सुमारे ५८ क्विंटल मका काढला. त्या भागातील थोरांना एकरी त्याच्या जवळपासही पीक येत नव्हते.

आपल्याकडे असे मंडळ गावात नसले तरी घरात सुरू करता येते. त्यासाठी पुढीलप्रमाणे करावे.

आठवी-नववीच्या पुढील प्रत्येक मुलास व मुलीस घरच्या रानातील दहा गुंठे नेमून द्यावेत. सातबाऱ्यावर तुकडा पाडायचा नाही. तसे करण्याची गरज नाही व तुकडेबंदीचा कायदाही आडवा येईल. हे दहा गुंठे केवळ घरच्या वहीत मुलाचे असतात. मात्र ते बांधाकडेचे, पाणी तुंबणारे वा हरळीने भरलेले रान असू नये. जसे आपले तसेच त्याचे द्यावे. बियाणे-खताचा खर्च वडिलांनी उसना द्यावा व पीक विकल्यावर तो परत घ्यावा. फुकट दिलेल्या पैशाचा हिशेब कोणी ठेवत नाही. राहिलेली रक्कम मुलाच्या बँक खात्यात जमा व्हावी. 'घरात कुठे वेगळे-वेगळे' असे म्हणून ती ऊसतोडीच्या उचलीत किंवा सोसायटीच्या हप्त्यात वळवू नये. एकदा जरी असे झाले तरी पुढच्या वर्षी मुलगा त्या रानाकडे फिरकणार नाही.

सर्वांत अवघड अट वडिलांसाठी आहे. या दहा गुंठ्यांत विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. मुलाने पाळी उशिरा घातली, तण राहिले, तर राहू द्यावे. दहा गुंठ्यांतले नुकसान सोसण्याजोगे असते, आणि ते स्वतःचे असल्याने लक्षात राहते.

वहीत काय लिहावे? तारीख, काम, किती माणसे, किती तास, काय आणले, किती रुपयांचे, आणि पाऊस किती झाला. घरच्या माणसांची मजुरीसुद्धा गावच्या दराने मांडावी. आपल्याकडे हिशेबात आईची व बहिणीची खुरपणी कधीच धरली जात नाही आणि मग पीक फायद्यात दिसते. मुलाने ती मांडली की घरातील बायकांच्या श्रमाची किंमत पहिल्यांदाच कागदावर येते. कधी कधी ती पाहून वडील गप्प होतात.

घरच्या पद्धतीत एका वर्षी एकच बदल करावा. वाण बदलला तर खत तेच ठेवावे, बीजप्रक्रिया केली तर वाण घरचाच ठेवावा. सगळेच बदलले तर कशाने फरक पडला हे समजत नाही. काढणीच्या वेळी ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा एक गुंठा दोरीने मोजून मुलाच्या रानातून व तेवढाच वडिलांच्या रानातून कापावा. धान्य व कडबा दोन्ही वेगवेगळे तोलावे. आलेल्या वजनास ४० ने गुणले की एकराचा अंदाज मिळतो. सोलापुरी माणसाने कडब्याचे वजन विसरू नये, कारण दुष्काळी साली ज्वारीपेक्षा कडबाच घर तारतो.

सोलापूरला शोभेल असे पीक : हुरड्याची ज्वारी

या दहा गुंठ्यांत काय करावे, असे तरुण विचारतात. द्राक्ष, डाळिंब वा हरितगृह ही नावे लगेच पुढे येतात. आमचे मत असे की, पहिल्या वर्षी घरातल्यांना माहीत असलेलेच पीक घ्यावे व त्याचे विक्रीचे रूप बदलावे. आपल्या जिल्ह्यात याला रब्बी ज्वारीसारखे दुसरे पीक नाही. ज्या मालदांडी ३५-१ ने अनेक पिढ्या पोसल्या, त्या वाणाची निवड १९३० च्या दशकात मोहोळ येथे झाली. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालू आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एवढे असून ज्वारी पोत्याने विकायची, ही आपली सवय गेलेली नाही.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाने धान्याखेरीज इतर उपयोगांसाठीही वाण दिले आहेत. हुरड्यासाठी फुले उत्तरा व फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी आणि पापडासाठी फुले रोहिणी हे ते वाण होत. भाकरी व कडब्यासाठी पेरायचे असेल तर जमीन पाहून वाण निवडावा. हलक्या जमिनीत फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, खोल काळ्या जमिनीत फुले वसुधा योग्य ठरते. हलक्या रानात खोल जमिनीचा वाण पेरून मग बियाण्याला दोष देण्याची प्रथा सोडावी.

हुरड्याचे गणित नीट समजून घेण्यासारखे आहे. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी. त्याआधी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो, उशीर केल्यास ओल उडून जाते. दहा गुंठ्यांस साधारण एक किलो बियाणे पुरते. पेरणीपूर्वी त्यास काणी रोगासाठी ३०० मेश गंधक ४ ग्रॅम व नंतर अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू संवर्धन प्रत्येकी २५ ग्रॅम याप्रमाणे चोळावे. दोन ओळींत ४५ सेंमी व दोन ताटांत १५ सेंमी अंतर राखून विरळणी केली की गुंठ्यात सुमारे १,५०० ताटे बसतात. दहा गुंठ्यांत ही संख्या १५,००० होते. त्यातील खोडमाशीची, पाखरांची, वाटसरूंची व पाहुण्यांची वजा करून किती कणसे हाती राहतात ते मुलाने मोजावे. हुरडा वजनावर विकता येतो तसा कणसावरही विकता येतो, म्हणून ही मोजणी उपयोगी पडते.

आता खरी मेख. पेरणीपासून तीन महिन्यांच्या सुमारास दाणा दुधातून चिकात येतो. हुरड्याची ही गोडी एका रानात आठवडाभरच टिकते, पुढे दाणा कठीण होतो. सर्व दहा गुंठे एकाच दिवशी पेरले तर एका आठवड्यात सगळी कणसे विकावी लागतील, आणि ते शक्य होत नाही. यास्तव तीन तुकडे करून आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरावे. पहिला तुकडा सप्टेंबरच्या मध्यास, शेवटचा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस साथ देईलच असे नाही, पण तसे जमले तर तीन-चार शनिवार-रविवार हाती लागतात. हुरडा खाणारा गिऱ्हाईक शनिवारी व रविवारीच येतो.

गिऱ्हाईक कोठून आणावे? पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर या क्षेत्रांकडे जाणारी वाहने आपल्याच रस्त्यांवरून जातात. रस्त्याच्या कडेला आगटी, गोवऱ्यांचा विस्तव, शेंगांची चटणी, गूळ व घट्ट दही एवढे असले तरी माणूस थांबतो. ज्यांचे रान रस्त्यावर नाही त्यांनी सोलापूर शहरातील ओळखीच्या दहा-पंधरा घरांशी आधी बोलून ठेवावे. कणसे पहाटे काढून सकाळीच पोचवावीत, कारण दुपारपर्यंत गोडी उतरते. उरलेल्या कणसांची चिंता नको. ती वाळवून ज्वारी होतेच, आणि हाच या पिकाचा मोठा गुण आहे. टोमॅटोसारखे रस्त्यावर ओतण्याची वेळ येत नाही.

दोन इशारे मात्र द्यावेसे वाटतात. हुरड्याचा दाणा थेट तोंडात जातो, म्हणून पोटरीनंतर कोणतेही कीटकनाशक फवारू नये. दुसरे असे की, कणसे घेतल्यावर उभ्या ताटांच्या बुडातून कोवळे फुटवे येतात. ते जनावरांच्या खाण्यात आल्यास किराळ लागण्याचा धोका असतो. अशा रानात गाई-म्हशी मोकळ्या सोडू नयेत.

मुलींसाठी ज्वारीतच आणखी एक वाट आहे. सोलापूरची कडक भाकरी व शेंगाचटणी आता मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसते. ही भाकरी महिनोन्महिने टिकते, थंड जागा मागत नाही आणि यंत्रापेक्षा हाताची सवय मागते, जी आपल्या घरात आहेच. गावातील बचत गटाच्या बायकांनी मुलीला सोबत घेऊन हिशेब व वेष्टणाचे काम तिच्याकडे दिले, तर शिकलेल्या मुलीला गावातच कामाची जागा मिळते. विक्री सुरू करण्यापूर्वी अन्नसुरक्षेची नोंदणी अवश्य करून घ्यावी.

प्रशिक्षण कोठे व कशाचे

देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुद्दुचेरी येथे सुरू झाले. आज आपल्या जिल्ह्यात दोन केंद्रे आहेत. एक उत्तर सोलापूर तालुक्यातील खेड येथे शबरी कृषी प्रतिष्ठानमार्फत चालते, दुसरे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मोहोळ येथे आहे. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणात शेतकरी, ग्रामीण युवक व विस्तार कर्मचारी असे तीन गट असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. ग्रामीण युवकांचे प्रशिक्षण काही दिवसांचे व हाताने काम करून शिकण्याचे असते. रोपवाटिका, शेळीपालन, कोंबडीपालन, गांडूळखत, प्रक्रिया उद्योग असे त्यात विषय येतात. केंद्राचा वर्षाचा आराखडा आधीच ठरतो. त्यामुळे गावातील दहा-पंधरा तरुणांनी मिळून 'आम्हांस अमुक विषय हवा आहे' असे लेखी पत्र हिवाळ्यातच दिले, तर ते पुढील वर्षाच्या आराखड्यात येऊ शकते. एकट्याने जून महिन्यात जाऊन विचारण्यापेक्षा हे बरे.

सोलापूरजवळ केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातील तरुणाने वर्षातून एकदा तरी तेथे जावे. तेल्या व मर या रोगांनी उभ्या बागा गेल्या, त्यात रोगट रोपांचा वाटा मोठा होता. म्हणून निरोगी रोपे तयार करणारी रोपवाटिका हा या भागात गरजेचा धंदा आहे. फळझाडांच्या रोपवाटिकेस कृषी विभागाचा परवाना लागतो, आणि मातृवृक्ष स्वच्छ नसतील तर या धंद्यात पडू नये. एका तरुणाची रोगट रोपे पन्नास शेतकऱ्यांना बुडवू शकतात.

शेळीपालनाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या व ५ बोकडांच्या प्रकल्पास निम्मे, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवल्यापासून अनेक तरुणांच्या डोळ्यांपुढे शंभराचाच कळप उभा राहतो. ज्याने एकही वेत हाताळले नाही त्याने शंभर शेळ्या घेऊ नयेत. घरच्या तीन उस्मानाबादी शेळ्यांपासून सुरुवात करावी. त्यांची दोन वेते होईपर्यंत चाऱ्याचा खर्च, करडांची मरतूक, पीपीआर व आंत्रविषाराच्या लसी, बाजारातील वजनाचा भाव हे सारे वहीत यावे. नंतर कर्जाचा विचार करावा. शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र सांगोला तालुक्यात महूद येथे आहे, तेथील कळप डोळ्यांनी पाहून यावा.

मधमाशीपालन शिकू इच्छिणाऱ्यांसाठी पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ड्रोन चालविण्याचे प्रशिक्षण राहुरीस विद्यापीठात मिळते. दहावी उत्तीर्ण व अठरा वर्षे पूर्ण झालेल्यास ते घेता येते. उंच उसात माणूस शिरू शकत नाही, तेथे ड्रोनचा उपयोग खरा आहे. पण आधी दुसऱ्याचे यंत्र चालवून हंगामात किती एकर काम मिळते ते पाहावे, मग स्वतःचे घ्यावे. ट्रॅक्टरच्या हप्त्यांनी शिकविलेला धडा पुन्हा शिकण्याचे कारण नाही.

कृषी पदवी किंवा पदविका घेतलेल्या तरुणांसाठी 'कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र' ही केंद्राची योजना २००२ पासून आहे. यात ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण मोफत मिळते. पुढे व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जावर सर्वसाधारण गटास ३६ टक्के व महिला, अनुसूचित जाती-जमातींस ४४ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांची मुदत व अटी बदलत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चालू वर्षाचे परिपत्रक पाहून घ्यावे, दलालाच्या सांगण्यावर विसंबू नये.

गावात आलेल्या कृषिदूतांचा उपयोग करून घ्या

कृषी महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी काही महिने खेड्यात राहतात. मुलांना कृषिदूत व मुलींना कृषिकन्या म्हणतात. आपल्या जिल्ह्यात वडाळा, अकलूज येथील महाविद्यालयांचे विद्यार्थी असे गावोगाव जातात. ते चावडीपुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया दाखवितात, माती परीक्षणाचे नमुने घेतात. गावकरी फोटोला उभे राहतात आणि घरी जातात. विद्यार्थ्यांनाही अहवालासाठी फोटो हवा असतो, त्यामुळे तक्रार कोणाचीच नसते.

याऐवजी ते आले की त्यांना मुलाच्या दहा गुंठ्यांत न्यावे. पेरणी, विरळणी, कीड ओळखणे ही कामे दोघांनी मिळून करावीत. शिकलेल्याला रान मिळते, रानातल्याला शिकलेला सोबती मिळतो. विद्यार्थी परत गेले तरी फोनवर संबंध राहतो, आणि पुढे कोणत्या कीटकनाशकाची गरज आहे व कोणत्याची नाही हे दुकानदाराखेरीज आणखी कोणाला तरी विचारता येते. गावातील नववी-दहावीच्या मुलींनी कृषिकन्यांशी ओळख करून घ्यावी. शेतीचे शिक्षण घेऊन मुलगी काय होऊ शकते, हे त्यांना समोर दिसते.

सातबाऱ्याची अडचण

दहा गुंठे वहीत देऊन सुरुवात झाली, तरी मुलगा पंचविशीचा झाला की पुढची पायरी येते. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला. तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असतो. नाव नाही तर क्रमांक नाही, क्रमांक नाही तर ठिबकचे अनुदान नाही. राज्यातील पीकस्पर्धेतही जमीन स्पर्धकाच्या नावे असावी लागते. प्रत्यक्ष कसणारा तरुण अशा रीतीने कागदावर शेतकरीच नसतो.

वडिलोपार्जित जमिनीची वाटणी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे करता येते. सगळी जमीन वाटून वडिलांनी रिकाम्या हाताने बसावे असे आम्ही म्हणत नाही. म्हातारपणाची सोय आधी पाहावी, आपल्या व पत्नीच्या नावे पुरेसे क्षेत्र राखावे आणि मगच बाकीचे करावे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये व देशाने २००५ मध्ये दिला आहे, हेही वाटणीच्या वेळी ध्यानात असावे. हक्कसोड पत्रावर बहिणीचा अंगठा घेण्याची घाई करून मिळविलेल्या जमिनीवर भावाला स्वस्थपणे शेती करता येत नाही, हे तालुक्याच्या कोर्टात बसून कोणीही पाहू शकतो.

वर्षभरातील कार्यक्रम

१ जुलै हा दिवस राज्यात कृषिदिन म्हणून साजरा होतो व त्या सुमारास कृषी विभागाचे अधिकारी गावोगाव येतात. तरुणांनी आपली वही त्या दिवशी सुरू करावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रावर रब्बी ज्वारीचे बियाणे येते. हुरड्याचे वाण थोडेच असतात, म्हणून लवकर जावे. कार्तिकी एकादशीला पंढरपूरजवळ वाखरी येथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. विकत घ्यायचे नसले तरी दात, कास व किंमत पाहण्याची ती शाळा आहे. ५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन, त्या दिवशी कृषी विज्ञान केंद्रांत माती परीक्षणाचे कार्यक्रम होतात. रब्बी पीकस्पर्धेचे अर्ज अलीकडील वर्षांत ३१ डिसेंबरपर्यंत घेतले गेले. तालुका, जिल्हा व राज्य पातळीवर बक्षिसे असून राज्यातील पहिले बक्षीस ५० हजार रुपयांचे ठेवले होते. तरुणाच्या नावे जमीन नसेल तर या वर्षी वडिलांच्या नावे अर्ज करावा व कापणीचे वजन मुलाच्या वहीत यावे. सिद्धेश्वर यात्रेच्या निमित्ताने सोलापुरात कृषी प्रदर्शन भरते, त्या वेळी हुरडाही ऐन रंगात असतो. बारावी विज्ञान शाखेच्या मुलांसाठी कृषी पदवीच्या प्रवेशाची सामाईक परीक्षा उन्हाळ्यात होते, अर्ज मात्र हिवाळ्यातच सुरू होतात. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयाच्या पदविकेचाही मार्ग आहे.

कृषी विज्ञान केंद्रात पहिल्यांदा जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या दहा गुंठ्यांतील मातीचा नमुना सोबत न्यावा. पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी वरचा पाला-कचरा बाजूला करून इंग्रजी 'व्ही' आकाराचे सुमारे २० सेंमी खोल खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या कडेची माती खुरप्याने वरपासून खालपर्यंत सारखी तासून घमेल्यात जमा करावी. बांधाजवळची, झाडाखालची व उकिरड्याजवळची माती घेऊ नये. सर्व माती मिसळून गोल पसरावी, तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. आत चिठ्ठी घालावी व तिच्यावर गाव, गट क्रमांक, मागील पीक, पुढे घ्यायचे पीक आणि नाव लिहावे. नाव मुलाचे किंवा मुलीचेच असावे, म्हणजे अहवाल त्यांच्या नावे येईल.